पाळणा चालला बारा हजार पावलं

“कळलं का तुला?” म्हणत काकूंनी कढीपत्त्याची डहाळी भिंतीवर ठेवली, आणि मी आधी आत जाऊन कुकरखालचा गॅस बारीक करून आले. काकूंची बातमी तीन शिट्ट्यांत कधी संपत नाही.

बातमी कोपऱ्यावरच्या बंगल्यातली होती. तिथल्या नातवाचं वजन वाढलं म्हणून डॉक्टर रागावले, आणि डॉक्टर रागावले म्हणून वडिलांनी पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ आणलं. रोज दहा हजार पावलं भरली तरच रात्री अर्धा तास मोबाइल, असा करार झाला. सुरुवातीला पोरगं इमानदारीत जिना चढायचं-उतरायचं. मग एकाएकी आकडे वाढायला लागले. बारा हजार! आई खूश, बाबा खूश, आजीने तर मीठ-मोहरी ओवाळून टाकली. परवा दुपारी तीच आजी धाकटीला उठवायला पाळण्याशी गेली, तर घड्याळ पाळण्याच्या दांडीला बांधलेलं! आणि हा पठ्ठ्या सोफ्यावर आडवा. पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी, डोळ्यांपुढे कार्टून.

“म्हणजे बाळ झोपलं, पावलं भरली आणि मोबाइलही मिळाला,” मी म्हटलं. “हुशार आहे हो पोरगं.”

“हुशार आहेच. अंगठा तरी हलत होता ना, तेवढा व्यायाम झाला म्हणायचा.”

इथे आमची भौगोलिक परिस्थिती सांगायला हवी. कोल्हापुरात रंकाळ्याच्या मागच्या अंगाला आमची कॉलनी आहे. माझ्या अंगणाच्या उजव्या भिंतीपलीकडे काकू. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून मैदानावरचाच आहे. डाव्या भिंतीपलीकडे आक्का, राधानगरीकडच्या. गावाकडचं शेत त्यांनी सोडलेलं नाही, नातवंडांच्या शाळेपायी मुलाकडे येऊन राहिल्यात. दोघींना एकमेकींशी बोलायचं झालं तर ते बोलणं माझ्या अंगणावरून जातं, त्यामुळे मला भाजी निवडता निवडता सगळं ऐकू येतं आणि मधे तोंडही घालता येतं.

“कुणाचं घड्याळ?” आक्का लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला आल्या होत्या. त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. पाळण्याशी आल्यावर त्या इतक्या हसल्या की बरणी खाली ठेवावी लागली.

“पण काकू, दहा हजार हा आकडा डॉक्टरच सांगतात ना?” मी विचारलं.

“सांगतात, पण काढला दुकानदाराने,” काकू म्हणाल्या. “टोकियोला १९६४ साली ऑलिंपिक झालं. तिथल्या लोकांना चालण्याचं वेड लागलं. तेव्हा एका जपानी कंपनीने १९६५ मध्ये कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. गोल आकडा, लक्षात राहणारा. पोरांचं वेगळंच असतं. त्यांची पावलं कशाला मोजायची? दम मोजावा.”

“दम कसा मोजायचा?”

“बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन शब्द बोलले की धाप लागते, तो जोराचा. पोरगं बाहेरून आलं की विचारायचं, काय रे, कोण जिंकलं? त्याने सविस्तर सांगितलं तर समजायचं, बसून होता.”

मग काकूंनी जे सांगितलं ते मी नंतर ताडूनही पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला हिशेब साधा आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. त्यातले निदान ३ दिवस जोराचं काहीतरी व्हावं, हाडांना आणि स्नायूंना ताण बसेल असं: उड्या, चढणं, लोंबकळणं, ढकलाढकली. हा तास सलग भरायला पाहिजे असंही नाही. शाळेत चालत जाताना थोडा, मधल्या सुट्टीत थोडा, संध्याकाळी उरलेला. मुलांची जातच तशी असते. मोठ्यांसारखं तोंड पाडून ती तासभर धावत नाहीत. जीव खाऊन पळतात, मधेच थांबतात, भांडतात, परत पळतात.

“एक तास व्हय!” आक्कांना ते फारच कमी वाटलं. “आम्ही दिसभर गुरांमागं हिंडायचो. कोण मोजत हुतं? आता आमच्या नातवाला एवढा खुराक लावलाय. गंगावेशीतनं म्हशीचं दूध आणतोय लेक, डिंकाचे लाडू मी सोता वळतो, तूप तर इचारू नका. तरी पोरगं जिना चढलं की धापतंय.”

“आक्का, अहो, खुराक पैलवानाचा आणि मेहनत मोबाइलची!” काकू भिंतीवर रेलल्या. “तुम्ही तर कोल्हापूरच्याच. तुमच्या वडिलांनी खासबागेत कुस्त्या बघितल्या असतील. तालमीत पोरगं गेलं की वस्ताद त्याला आधी दूध देतो का? आधी आखाड्यातली माती उकरायला लावतो. ताक, तेल, हळद, लिंबू घातलेली ती माती नुसती खणायची म्हटली तरी खांद्याला कळ लागते. मग जोर, मग बैठका, मग झोंबी. त्यानंतर दूध. तुमच्याकडे आधी दूध आणि नंतर परत दूध.”

आक्का थोड्या घुश्शात गेल्या. पण गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत. “आणि धाकटं? त्ये तीन वर्षांचं हाय. त्येनं पण तासभर पळायचं?”

“त्याने तीन तास.”

“आता गं बया!”

काकू खरंच सांगत होत्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० जोमाची, असं त्याच संघटनेने २०१९ मध्ये म्हटलंय. आणि लहान मुलाला बाबागाडीत नाहीतर खुर्चीत एका वेळी तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, हेही.

“तीन तास काय, त्ये सहा तास पळंल,” आक्का म्हणाल्या. “त्येला बसवतोय तर आपणच की. सून जेवू घालताना मोबाइल लावती, मग एक घास तिकडं आन् एक घास इकडं.” आपण स्वतःही मालिका बघताना तेच करतो, हे त्यांनी अर्थातच सांगितलं नाही. माझ्या खिडकीतून दिसतं.

आता माझ्या घरचं. धाकट्याला चष्मा लागला, तिसरीतच. माझी नणंद मिरजेला डोळ्यांची डॉक्टर आहे. तिला फोन केला तर म्हणाली, वहिनी, गाजरं खायला घालण्यापेक्षा बाहेर काढ त्याला. मला वाटलं, नेहमीप्रमाणे टोमणा. पण टोमणा नव्हता. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. काही शाळांतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, बाकीच्या शाळांत नेहमीचंच चालू ठेवलं. तीन वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या जवळजवळ चाळीस मुलांना लांबचं दिसेनासं झालं होतं, बाहेर खेळणाऱ्यांत तीसेक जणांना. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. तैवानमध्ये तर मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवायची मोहीमच काढली आहे. कारण उजेडात आहे. घरातल्या दिव्याचा उजेड काहीशे लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा हजारोंनी. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन तयार होतं आणि डोळ्याचा गोळा वाजवीपेक्षा लांब वाढायला आळा बसतो. लागलेला चष्मा त्याने उतरत नाही. पण ज्याला लागायचाय त्याचा लांबतो.

“म्हणजे पळलं न्हाई तरी नुसतं बाहेर बसलं तरी चालंल?” आक्कांनी लगेच पळवाट काढली.

“डोळ्यांना चालेल. पोटाचं काय?” काकू.

मी म्हटलं, “काकू, आमचा थोरला तर क्रिकेटच्या कोचिंगला जातो. आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास. त्याचं तरी मार्गी लागलंय.” हे मी जरा मिरवतच म्हटलं होतं. गणवेश, पॅड, हेल्मेट आणि ती चाकांची भली मोठी बॅग, सगळं मिळून एखाद्या लहानशा लग्नाचा आहेर झाला असता.

“त्या दीड तासात तो पळतो किती?”

“म्हणजे?”

“एकदा जाऊन बस आणि बघ. वीस-बावीस पोरं एका नेटपुढे. सहा चेंडू खेळायला मिळतात, सहा टाकायला मिळतात. बाकीचा वेळ रांगेत. रांगेत उभं राहून हेल्मेटची क्लिप लावायची आणि काढायची. घरून गाडीवर सोडायचं, परत गाडीवर आणायचं. मधल्या वेळात तुझ्या मुलाला दम लागतो का? मग ते दीड तास क्लासच्या खात्यात मांड, खेळाच्या नको.”

मला राग आला. म्हणून मी माझं वाचलेलं बाहेर काढलं. २०१९ च्या नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’च्या बालआरोग्याच्या नियतकालिकात जगभरातल्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास आला होता, ११ ते १७ वयाच्या, १४६ देशांतल्या. त्यात १०० पैकी ८१ मुलांना रोजची हालचाल पुरत नाही असं निघालं. दक्षिण कोरियात ९४. आपल्याकडे साधारण ७४, म्हणजे तुलनेने बरे. “आणि आपले मुलगे बरे का, तर क्रिकेटमुळे असावं, असं त्यातच म्हटलंय!” मी विजयी मुद्रेने सांगितलं.

“गल्लीतलं क्रिकेट गं!” काकू उसळल्या. “तिथे पाच पोरं असतात. बॉलर तोच, कीपर तोच, आणि बॉल गटारात गेला की काढणाराही तोच. एक टप्पा आउट, भिंतीला लागला तर दोन रन, पाटलांच्या गच्चीवर गेला तर आउट आणि आणायलाही तूच. पोरं संध्याकाळी घरी येतात ती घामाने निथळून. कोचिंगमधून येतो तो तुझा मुलगा, त्याचा शर्ट तू रोज धुतेस, का तोच दोन दिवस घालतो?”

मी कोथिंबीर निवडायला घेतली.

“आणि चौऱ्याहत्तरचं कौतुक कसलं? चारातली तीन पोरं बसलेली आहेत,” काकू पुढे म्हणाल्या. “मुलींचं काय म्हटलंय त्यात?”

“मुली ७६, मुलगे ७२.”

“बघ. आपण म्हणतो मुलगे उंडारतात आणि मुली घरात. फरक चारचाच. मुलगेसुद्धा उंडारत नाहीत आता, बिचारे.”

“आणि त्यात असंही आहे,” मी सांगितलं, “की आपल्याकडच्या मुलींना घरातलं काम पडतं, म्हणून त्यांची हालचाल त्यातल्या त्यात बरी असावी.”

आक्कांना हे भयंकर आवडलं. “म्हंजी धुणं-भांडी धरली त्येंनी! मग माझं तर शंभर वर्षाचं भरलंय. आता मी बसून खातो.”

हसून झालं. पण मुलींचं नाव निघालं की काकू हसत नाहीत, हे मला माहीत आहे.

माझी लेक सातवीत. परवापरवापर्यंत याच गल्लीत सगळ्यांत आधी तिचा आवाज यायचा. आता संध्याकाळी खिडकीत बसते. विचारलं तर म्हणते, कंटाळा येतो. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, पाळी सुरू झाली का. मी मान हलवली.

“तेव्हाच जातात,” काकू म्हणाल्या. “माझ्या खो-खोच्या संघातून दरवर्षी जायच्या. सातवीपर्यंत अशा पळायच्या की खांबाला वळसा घालताना माती उडायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीतल्या चार मुली चिठ्ठी घेऊन हजर. ‘पोटात दुखते, खेळास सूट द्यावी.’ चारही चिठ्ठ्यांत एकच वाक्य. पोटात कुणाच्याच दुखत नव्हतं. एकीला डाग पडायची भीती, एकीला बाहेरच्या पोरांच्या बघण्याची, एकीच्या आजीने सांगितलेलं, आता तू मोठी झालीस. आणि एकीचं तर, मैदानाजवळ संडासच नव्हता. ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. सांग, पळणार कशी?”

“मग काय केलंत?”

“काय करणार! माझ्या कपाटात पॅड ठेवले, दोन गडद ट्रॅकपँट ठेवल्या. स्टाफरूमशेजारच्या संडासाची किल्ली माझ्याकडे मागून घेतली. सराव सकाळी लावला, शाळा भरायच्या आधी, पोरं-बिरं कोणी नसताना. आणि आयांकडे गेले. बापांकडे जाऊन उपयोग नसतो, ते हो म्हणतात आणि आईकडे बघतात. पाळीत खेळलं तर काही होत नाही, दुखत असेल तर थांब, नाहीतर पळ, एवढंच सांगायचं. त्या वयात हाडं भरतात. विशीच्या आत हाडांची बहुतेक पुंजी जमा होते, मग आयुष्यभर त्यातूनच खर्च. आणि हाड नुसत्या दुधाने भरत नाही, आक्का! दाणदाण उडी मारली, पाय जमिनीवर आपटला, की ते भरतं.”

आक्कांच्या दुधावरचा हा दुसरा वार होता. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. “आम्हाला कुठं कोण थांबवत हुतं?” त्या म्हणाल्या. “हादग्याला सोळा दिस फेर धरायचा. पंचमीला झोका, झाडाच्या शेंड्याला पाय लागंस्तवर. गौरीला रातभर झिम्मा-फुगडी. बसफुगडीत मला गावात कोण हरवलं न्हाई. लग्नानंतर पण न्हाई.”

“तेच म्हणतेय मी. बसफुगडी पाच मिनिटं घाल म्हणावं आजच्या पोरींना, मांड्या भरून येतील. बायकांच्या खेळात सगळं होतं. दम होता, जोर होता, तोल होता. आणि सगळ्या वयाच्या एकत्र. आता हादगा शाळेत होतो, एका दुपारी, फोटोपुरता. खिरापत मात्र झकास असते.”

मग काकूंनी खो-खोच्या विश्वचषकाचं काढलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुली आणि मुलगे दोघेही जिंकले, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. कप्तान प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्रातले. ज्या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले, तो आता गादीवर, दिव्यांच्या झोतात खेळतात. काकूंनी सगळे सामने टीव्हीवर बघितले, उभ्याने. त्यांना बसवत नाही म्हणे खो-खो बघताना. “खो-खोला लागतं काय? दोन खांब आणि पोरं. ना बॅट, ना हेल्मेट. पण कुठल्या आईबापाने खो-खोचा क्लास लावलाय दाखव मला. फी कमी असली की पालकांना शंका येते.”

शाळेत पी.टी.चा तास असतो की, असं मी म्हणायला गेले आणि फसले. पुढची दहा मिनिटं काकू फक्त गणिताच्या सरांवर बोलल्या. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो. परीक्षा लांब असली तर स्नेहसंमेलनाच्या तयारीला जातो. काहीच नसलं तर पाऊस असतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, ते ठीक. मैदान असतंही. त्यावर शिक्षकांच्या गाड्या असतात. सगळ्या शाळा अशा नाहीत, पण काकूंच्या तोंडून त्या वेळी अपवाद निघत नव्हता आणि मीही मागितला नाही.

“पाऊस पण खरा हाय की ओ बाई,” आक्का म्हणाल्या. “जूनपास्नं सप्टेंबरपतुर पोरं करणार काय? कोल्हापूरचा पाऊस हाय.”

“भिजू द्यावीत. वीज कडाडत असेल तर घरात. घरात सूर्यनमस्कार घाला, औंधच्या राजाने नाही का आख्ख्या संस्थानातल्या शाळांना घालायला लावले? भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः घालायचे, राण्या घालायच्या, राजपुत्र घालायचे. जागा लागते एका सतरंजीची. नाहीतर पोर्चमध्ये दोरीच्या उड्या. शंभर उड्या मारल्यावर बोलून दाखव म्हणावं.”

हे सगळं ऐकून माझं डोकं भणभणलं. मी सरळ विचारलं, “काकू, मी करू काय? कोचिंग बंद करू? मुलीला कराटे लावू?”

“काही लावू नकोस. तेच तर चुकतंय. आपण खेळ लावतो. जसं दूध लावतो, पेपर लावतो. पोराला खेळायला दुसरं पोर लागतं, एवढंच. पाच-सहा पोरं आणि मोकळी जागा मिळाली की ती आपोआप पळतात, त्यांना कोणी शिट्टी वाजवायला नको. हे मी, शिट्टीवर पगार घेतलेली बाई सांगतेय.”

मला ते तंतोतंत पटलं. आमच्या कॉलनीत पोरं मोजली तर चौदा-पंधरा निघतील. पण साडेपाचला एक स्कॉलरशिपला, दोन ट्यूशनला, एक कीबोर्डला, एक पोहायला, एक माझा कोचिंगला. ज्याला सुट्टी आहे तो बाहेर येतो, दोन्ही बाजूला बघतो, कोणी नाही म्हणून आत जातो आणि मोबाइल काढतो. मग आपण म्हणतो, मोबाइलमुळे पोरं खेळत नाहीत. निम्मं उलटंच आहे ते. आणि डबा ऐसपैसला किमान पाच जण लागतात, लगोरीला आठ असले तर मजा, साखळीला जेवढे जास्त तेवढं बरं. क्लासमध्ये वयाप्रमाणे बॅच असते. गल्लीत आक्कांचं तीन वर्षांचं धाकटंसुद्धा लिंबूटिंबू म्हणून पळतं, त्याच्यावर राज्य येत नाही, पण पळतं ते सगळ्यांइतकंच. पडलं तर थोरली मुलगी उचलते. दमलं तर ‘टॅम्प्लीस’ म्हणून अंगठा वर करतं.

कोल्हापुरात हे मी कुणाला सांगतेय, हाही प्रश्न आहे. शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना असला की गाव लोटतं. पाटाकडील जिंकणार की प्रॅक्टिस, यावरून भावाभावांत अबोला होतो. पण त्या हजारोंत पळणारे बावीसच.

जागेचं बोलणं निघालं तेव्हा मोकळा प्लॉट आधी बाद झाला, त्याला तारेचं कुंपण आणि आत मंडपाचे बांबू. बाग आहे, पण तिथे ‘हिरवळीवर चालू नये’ आणि ज्येष्ठ नागरिकांची बाकं. राहिली आमची गल्ली. ती पुढे बंद आहे, आरपार जात नाही, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. साडेपाच ते साडेसहा गाड्या तोंडाशीच उभ्या करायच्या, आत आणायच्या नाहीत, असं ठरलं तर पोरांना पूर्ण गल्ली मिळते.

“ट्यूशनच्या सरांशी मी बोलते,” मी म्हटलं. “साडेसहाची बॅच करा म्हणावं. आमच्या गल्लीतलीच सहा पोरं आहेत त्यांच्याकडे, ऐकतील.”

“आणि तुझी लेक?” काकूंनी विचारलं.

“ती नाही यायची, काकू. मुलगे हसतात म्हणते.”

“तिला म्हणावं, काकूंना मदतीला एक मुलगी हवी आहे. लहान पोरांना आट्यापाट्या शिकवायच्यात, पाट्या आखायला खडू घेऊन ये. आधी पाटीवर उभी राहील. मग पकडायला हात पुढे जाईल. पुढचं मी बघते. आणि ट्रॅकपँट गडद घाल म्हणावं.”

आक्कांचा थोरला नातू येणार का, हा प्रश्न होताच. त्याचं म्हणणं असं की पळालं की पोट हलतं आणि पोरं चिडवतात. काकू म्हणाल्या, त्याला डबा ऐसपैसमध्ये लपायला सांगा पहिले काही दिवस, लपताना कोणाला पोट दिसत नाही, आणि डबा उडवायला तर पळावंच लागतं. आक्कांना हा उपाय पटला. लाडू बंद करायचा उपाय त्यांनी ऐकूच आला नाही असं दाखवलं.

खरी अडचण शेवटी निघाली. समोरच्या घरातली ती पांढरी मोठी गाडी. तिचे मालक संध्याकाळी बरोबर सहाला येतात, गल्लीभर हॉर्न वाजवत येतात, आणि काचेला बॉल लागला तर कुणाचं पोर हे न विचारता सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार करतात. गाडी तोंडाशी लावा हे त्यांना सांगणार कोण? मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, माझं त्यांच्याशी पाण्याच्या टाकीवरून झालेलं आहे, मी गेले तर मुद्दाम आत आणतील. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आमच्या ह्यांचं त्यांच्या बँकेत काम अडकलंय.

“त्येला कशाला सांगायचं?” आक्का बरणीचं फडकं घट्ट बांधत म्हणाल्या. “त्येच्या आईला सांगतो मी. शनवारी भिशी माझ्याकडं हाय. आन् ह्या महिन्याची चिठ्ठी तिला पायजे, पोरीच्या बाळंतपणाला. तिला म्हणतो, चिठ्ठी तुझी, गाडी भाईर.”

“आणि नाही म्हणाली तर?”

“न्हाई कशी म्हणंल? तिचं पण नातवंड हाय की घरात, सोफ्यावर.”

माझ्या कुकरची शिट्टी तोवर चार वेळा होऊन गेली होती, पण काकूंना अजून खडू कुठल्या रंगाचा आणायचा हे ठरवायचं होतं.